शून्याचे दोन प्रकार

साथरोगांच्या गणितावरचं जवळपास कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं, की मुंबई भेटते. चढून उतरणारी एक गुळगुळीत रेषा, तिला धरून मांडलेले काळे ठिपके, आणि खाली चित्राचं नाव: मुंबई बेटावरील प्लेगचे मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. ठिपके म्हणजे त्या त्या आठवड्यात नोंदलेले मृत्यू. रेषा म्हणजे एडिंबरातल्या विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ साली मांडलेल्या समीकरणांचं उत्तर. सूत्रातलं शिखर एप्रिलच्या मध्याला, आठवड्याला ८९० मृत्यूंचं. तिथून दोन्हीकडे सारखा उतार. ठिपके रेषेला इतके बिलगून आहेत की पाहणाऱ्याचा विश्वास बसतोच.

माझाही बसला. कोल्हापुरातून गणितात एम.एस्सी. करून मी पीएच.डी.साठी पुण्यात आले होते. तोवरचं माझं गणित प्रमेयं आणि सिद्धता यांचं. त्यात माणूस कुठे नव्हता, आजार नव्हता, गाव नव्हतं. प्लेग मला माहीत होता तो शाळेच्या इतिहासातला: रँड, चापेकर बंधू, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना मार्च १८९७ मध्ये गेलेल्या सावित्रीबाई. तोच प्लेग तीन समीकरणांत बसलेला पाहून मी हरखून गेले. लोकसंख्येचे तीन भाग करायचे: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात माणसं किती वेगानं जातात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात किती वेगानं, एवढंच लिहायचं. त्यातून जे निघतं ते खरोखर मोठं आहे. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका उंबरठ्याखाली गेली की साथ ओसरू लागते, सगळ्यांना लागण व्हायच्या आधीच. लसीकरणाचा सगळा हिशोब या उंबरठ्यावर उभा आहे. हे ज्यांनी काढलं त्यांपैकी कर्मॅक यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती, वयाच्या विशीतच. पुढचं सगळं गणित त्यांनी डोळ्यांशिवाय केलं. मॅकेन्ड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. गणित त्यांनी स्वतःच्या आवडीनं शिकून घेतलेलं.

माझ्या गाइडनी (आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो) मला पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मूळ निबंध वाचायला सांगितला. त्या चित्राच्या अलीकडेपलीकडे एक परिच्छेद आहे आणि तो जवळजवळ कुठल्याच पुस्तकात उतरलेला नाही. त्यात लेखक सरळ सांगतात की माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरतो आहोत. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखी आहे असं धरतो. लागणीचे आणि मृत्यूचे वेग साथभर बदलत नाहीत असं धरतो. पिसवा इतक्या भरपूर आहेत की उंदराकडून उंदराला थेट लागण झाल्यासारखंच घडतं, असंही धरतो. आणि यातलं काहीच काटेकोरपणे खरं नाही, म्हणून हे सूत्र फार ढोबळ समजावं, असं ते स्वतःच लिहून ठेवतात. रेषा पुस्तकापुस्तकांतून पुढे गेली, तो परिच्छेद मागे राहिला.

२०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं हे चित्र पुन्हा तपासलं. रेषेतल्या आकड्यांवरून उलट हिशोब केला, तर लागणीचे वगैरे वेग अवास्तव निघतात. शिवाय मुंबईचे त्या काळचे अहवाल सांगतात की १८९७ पासून निदान १९११ पर्यंत प्लेग दर वर्षी यायचा, ठरल्या ऋतूत चढायचा आणि ठरल्या ऋतूत उतरायचा. म्हणजे १९०६ ची साथ उतरली ती लागण होण्याजोगे लोक संपत आले म्हणून नव्हे. ती ऋतुमानानं उतरली. गणितातला उंबरठा खराच आहे, पण जे उदाहरण देऊन तो शिकवला जातो, त्या उदाहरणात तो नाही.

हे वाचल्यावर मी ते अहवालही मिळवले. परळच्या प्रयोगशाळेत, जी आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून आपल्याला ठाऊक आहे, प्लेग कमिशनच्या लोकांनी शहरभर उंदीर पकडवून तपासले होते. आधी गटारातले तपकिरी उंदीर मरतात, मग काही दिवसांनी घरातले काळे उंदीर, आणि त्यानंतर माणसं. हा क्रम त्यांनी वस्तीवस्तीतून नोंदला. साथ झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात ते मोजलं. ती पानं वाचताना मला समीकरणापेक्षा जास्त भीती वाटली आणि जास्त आदरही. इतकं मोजून ठेवलेलं असताना पुढच्या पिढ्यांनी फक्त मृत्यूंचा एक रकाना उचलला.

पीएच.डी.च्या काळात मी जे शिकले त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. एकच रेषा अनेक कारणांनी निघू शकते. साथीच्या सुरुवातीला रुग्ण किती दिवसांत दुप्पट होतात हे आपल्याला दिसतं. त्यावरून लागण होण्याचा वेग आणि बरं होण्याचा वेग यांतला फरक तेवढा कळतो, ते दोन वेग वेगवेगळे कळत नाहीत. दोन्ही वाढवले तरी रेषा तीच राहते. नोंद होणारे रुग्ण एकूण रुग्णांच्या किती टक्के आहेत हे ठाऊक नसेल, तर साथ मोठी आणि नोंद अपुरी की साथ छोटी आणि नोंद चोख, हे आलेख पाहून सांगता येत नाही. संगणक दोन्ही बाबतींत उत्तम जुळणारी रेषा काढून देतो. कुठली खरी, हे ठरवायला त्या आकड्यांच्या बाहेरचं काहीतरी माहीत असावं लागतं. उंदीर माहीत असावे लागतात.

शुद्ध गणितवाल्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे कमअस्सल वाटायचं. जिथे शेवटी फील्डवर जाऊन विचारावं लागतं ते गणित कसलं, असा त्यांचा सूर. मला अशा वेळी फर्ग्युसन कॉलेजची आठवण यायची. दामोदर धर्मानंद कोसंबी तिथे गणित शिकवत असतानाच त्यांचा चार पानांचा एक निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे संततीत त्यांची ताटातूट किती वेळा होते त्यावरून काढण्याचं सूत्र त्यात आहे. हाल्डेन यांचं आधीचं सूत्र असं धरून चालायचं की गुणसूत्रावरच्या एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीशी संबंध नाही. प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की जवळ दुसरी होणं अवघड होतं. कोसंबींनी ते हिशोबात घेतलं. भात, गहू, ज्वारी यांच्या जनुकांचे नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही कोसंबींच्या नावाचा पर्याय असतो. मराठी वाचकाला कोसंबी इतिहासकार म्हणून माहीत आहेत. त्यांची ही चार पानं आपल्या गणिताच्या वर्गांत शिकवली जायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

पण माझा रस्ता ठरवला तो कोसंबींनी नाही, पुन्हा मॅकेन्ड्रिक यांनीच. त्यांचा १९२६ सालचा एक निबंध आहे, वैद्यकीय प्रश्नांना गणित लावण्याबद्दलचा. त्यात भारतातल्या एका गावच्या कॉलऱ्याचा छोटासा तक्ता आहे. गावात २२३ घरं. १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. तक्ता एवढाच.

कागद घेऊन हे करून पाहावं. रोग गावभर सारखाच, निव्वळ योगायोगानं पसरला असता, तर ८६ रुग्ण २२३ घरांत कसे वाटले गेले असते? एक रुग्ण असलेली घरं ५८ च्या आसपास आली असती, आहेत ३२. तीन रुग्ण असलेलं घर एखाददुसरं असतं, आहेत सहा. शून्याची घरं दीडशेच्या आसपास असती, आहेत १६८. म्हणजे रोग काही घरांत दाटला आहे आणि शून्यं जास्त झाली आहेत. मॅकेन्ड्रिक यांनी मग १६८ हा आकडा बाजूलाच ठेवला. ज्या घरांत रुग्ण होते तेवढ्यांवरून त्यांनी उलट काढलं की रोगाच्या तडाख्यात खरोखर आलेली घरं किती असतील. उत्तर आलं ९३. त्यांतली ३७ च्या आसपास घरं नशिबानं वाचली. उरलेल्या १३० घरांपर्यंत रोग पोचलाच नव्हता. यावरून त्यांनी अंदाज बांधला की रोग पाण्यातून आला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ही ९३ घरं दूषित झालेल्या एकाच विहिरीचं पाणी पीत असावीत. गावात चौकशी केल्यावर तशी विहीर निघाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. तक्त्यात १६८ च्या शेजारी लिहिलेलं शून्य एकच दिसतं, पण त्यात दोन शून्यं आहेत. एक, जिथे रोग पोचला नाही. दुसरं, जिथे पोचला पण लागला नाही. कागदावर ती वेगळी करता येतात, आणि केली की कुठे जाऊन बघायचं ते कळतं. एकाच माणसाच्या हातचं हे दोन प्रकारचं गणित. प्लेगची रेषा जुळते आणि तिथेच थांबते. कॉलऱ्याचा तक्ता विहिरीपर्यंत नेतो. मला दुसरं शिकायचं होतं.

माझा विषय क्षयरोग झाला. टीबीचा जंतू सावकाश वाढणारा, दुप्पट व्हायला २० तासांच्या आसपास घेणारा. औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत जंतू झपाट्यानं मरतात, मग वेग मंदावतो, कारण सुस्त पडून राहिलेल्या जंतूंवर औषधाचा परिणाम हळू होतो. त्या थोड्यांसाठी सहा महिने गोळ्या. आणि इथेही तेच शून्य. थुंकीत दर मिलीलिटरला दहा हजारांच्या आसपास जंतू नसतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ते सहसा दिसत नाहीत. रुग्णाला बरं वाटू लागतं, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि औषध सोडण्याचा मोह नेमका त्याच वेळी होतो. छातीच्या आजारांच्या एका डॉक्टरांनी मला सुरुवातीलाच बजावलं होतं, "निगेटिव्ह म्हणजे आम्हाला दिसलं नाही. नाही असं त्यात म्हटलेलं नाही."

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याचे आकडे आमच्याकडे आले. नवे रुग्ण हिवाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये जास्त. ऋतूप्रमाणे लागणीचा वेग बदलतो असं धरलं की रेषा सुरेख जुळत होती. सर म्हणाले, "आता समीकरण बंद कर आणि तिकडे जाऊन राहा." मी गेले. क्षयरोग केंद्रातल्या सुपरवायझर काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून तालुका फिरले. ते नोकरीत जुने, दोन तालुक्यांतला जवळजवळ प्रत्येक पेशंट नावानं ओळखणारे. माझा आलेख त्यांनी हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा टीबी कुठाय? हा तर ऊस आहे."

दिवाळी झाली की तिथून ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कारखाना सुरू झाला की निघावंच लागतं, खोकला असो की ताप. गाव पाच-सहा महिने रिकामं. जी माणसं गावात नाहीत त्यांची थुंकी कोण तपासणार? परत आल्यावर उन्हाळ्यात ती दवाखान्यात येतात आणि आलेख चढतो. उपचार अर्धवट सुटलेल्यांचा रकाना पाहिला तर तेही उलगडलं. ज्यांचं औषध ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू झालं होतं त्यांचे सहा महिने ऊसतोडीच्या ऐन मध्यावर पडत होते, आणि सुटणाऱ्यांत तेच अधिक होते. रजिस्टरात त्यांच्यापुढे जो शेरा होता, त्यावरून वाटावं की माणूस बेफिकीर आहे. माणूस फडात होता.

मग मॉडेल नव्यानं लिहिलं. त्यात फडावर गेलेल्यांचा वेगळा गट आला, जाण्यायेण्याचे महिने आले, आणि तिकडच्या पालावर एकमेकांना लागून झोपणाऱ्या माणसांमधली लागण आली. समीकरणं वाढली, रेषा पहिलीपेक्षा थोडी कमीच सुंदर जुळली, आणि सरांनी तीच प्रबंधात ठेवायला सांगितली. या मॉडेलला विचारता येत होतं की दिवाळीआधी गावोगाव तपासणी केली तर काय होईल, निघताना गोळ्या सोबत दिल्या तर काय होईल, मुकादमाचा फोन नंबर कार्डावर लिहून घेतला तर किती माणसं हाताशी राहतील. पहिल्या मॉडेलला यातला एकही प्रश्न विचारता येत नव्हता. त्यात ऋतू होता, आणि ऋतूचं कोणी काय करणार!

२०२० मध्ये साथीचं गणित घराघरांत पोचलं. नातेवाईक, शेजारी, शाळेतले शिक्षक, सगळ्यांचा मला एकच प्रश्न: शिखर कधी? टीव्हीवर तारखा दिल्या जात होत्या. आमच्या गटानं तारीख दिली नाही आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. जुलैमध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं. झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या इमारतींमध्ये सुमारे १६ टक्के. एकाच वॉर्डात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या साथी चालल्या होत्या. सगळी मुंबई एका पातेल्यात ढवळल्यासारखी एकजीव धरली असती, तर हे दोन आकडे मिळून भलताच एक आकडा झाला असता आणि तो दोन्हीकडे खोटा ठरला असता. १९०६ च्या साथीसाठी प्रत्येक उंदराला सारखी शक्यता धरली होती, ती अशीच. त्या सर्वेक्षणानं मला पुन्हा पटलं की साथीच्या काळात सगळ्यात मोलाचं काम अशा मोजणीचं असतं. भाकितांचा क्रमांक त्यानंतर. आपल्याकडे गणिताचे विद्यार्थी हुशार आहेत, संगणक आहेत, समीकरणांची तर कमतरता कधीच नव्हती. कमी आहे ती दारोदार जाऊन नीट मोजणारी आणि मोजल्याचं नीट लिहून ठेवणारी माणसं, आणि त्यांच्या शेजारी बसायची तयारी असलेला गणितज्ञ. गावातल्या आशा सेविकेनं लिहिलेली वही आणि माझं समीकरण यांत मोठं काय, हे मला कोणी विचारलं तर मी वहीकडे बोट दाखवेन.

सध्या मी त्याच जिल्ह्याच्या एका वेगळ्या रकान्यावर काम करते आहे. गेल्या काही वर्षांत ज्या गावांतून टीबीचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही, अशा गावांची यादी. काही गावं खरोखर रोगमुक्त असतील. काही गावांत कोणी तपासायलाच गेलं नसेल. मॅकेन्ड्रिक यांची २२३ घरं मी इथे गावांवर लावली आहेत. लोकसंख्या, शेजारच्या गावांतले रुग्ण, फडावर जाणाऱ्यांचं प्रमाण आणि थुंकी तपासणीला पाठवलेले नमुने यांवरून प्रत्येक गावाच्या शून्यावर किती भरवसा ठेवायचा, तो आकडा काढायचा आणि त्या क्रमानं यादी लावायची. एकही नमुना न पाठवता शून्य नोंदवणारी गावं सगळ्यात वर येतात. सुपरवायझर काका आता निवृत्तीला आलेत, पण यादी त्यांनी वाचून दिली. वरच्या काही नावांपुढे त्यांनी लगेच खूण केली. एका नावापुढे फुली मारली, कारण ते गाव धरणाखाली गेल्याचं त्यांना ठाऊक होतं आणि आमच्या डेटाला नव्हतं.

हातात धरायच्या एक्स-रे यंत्राची गाडी दिवाळीच्या आत या गावांमध्ये जाणार आहे, कोयते निघायच्या आधी. कुठल्या गावातून किती संशयित निघावेत याचे अंदाज मी आधीच लिहून डॉक्टरांकडे दिले आहेत, म्हणजे नंतर आकडे पाहून मला ते बदलता येणार नाहीत. वरच्या गावांत रुग्ण सापडले तर यादी पुढच्या तालुक्याला लावायची. सापडले नाहीत, तर नमुने कमी जाण्याला मी जे कारण धरलं आहे ते चुकीचं आहे, आणि मला पुन्हा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसावं लागेल.